टोपीची पिन आणि माहेरची वाट

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. मी माहेरी निघाले होते. घरातली चांगली गाडी घेऊन हे सकाळीच कुठल्याशा कामाला गेलेले. उरली अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची जुनी पेट्रोल जीप. ही जीप म्हणजे आमच्या घरातली थोरली जाऊच. तिला कुणी काही बोललेलं अण्णांना खपत नाही. मी चालवायला घेतली, शेजारी धाकटी लेक बसली, मागं फराळाचे डबे ठेवले आणि निघालो.

गावापासून दहा-बारा किलोमीटर गेलो असू. पायाला काहीतरी गरम गरम लागलं. खाली बघते तर चपलेवर काळं तेल! समोर डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा काटा असतो ना, तो पार शून्यावर येऊन निपचित पडलेला. मी गाडी कडेला घेतली आणि लगेच इंजिन बंद केलं. इंजिनात तेल फिरत नसेल आणि आपण तशीच गाडी दामटली, तर आतली बेअरिंगं जाम होतात आणि हजारोंचं काम निघतं. एवढं अण्णांच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ होतं.

एक दुधाचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरदादा भला माणूस. म्हणाला, वहिनी, साहेबांना फोन लावा, मेकॅनिक पाठवतील. मी फोन काढेपर्यंत लेक डॅशबोर्डखाली डोकं घालून बसलेली! इंजिनातून त्या काट्यापर्यंत तांब्याची एक बारीक नळी येते, अगदी जाड सुतळीएवढी. तिच्यातून तेलच वर येतं आणि काट्याला दाब दाखवतं. ती नळी हादऱ्यांनी काट्याजवळच तडकली होती. पोरीनं टेम्पोवाल्याकडून पक्कड मागून घेतली. नळीचं टोक दोनदा दुमडलं आणि घट्ट दाबून टाकलं. गळती थांबली. मागं अण्णांचा तेलाचा डबा कायम असतोच. पट्टी काढून पातळी बघितली, कमी होतं तेवढं तेल ओतलं आणि हळूहळू घरी परतलो. भाऊबीज दुसऱ्या दिवशी झाली.

खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. घरी आल्यावर तिनं बॉनेट उघडलं. फॅन बेल्टलाही चिरा पडलेल्या दिसल्या. म्हणाली, आई, आपणच बदलूया. जुनी नळी सुतळीनं मोजून ती बाजारात गेली. दुकानदारानं आधी विचारलं, कुठल्या गॅरेजकडून आलीस? मग विचारलं, भाऊ नाही का आला? नळी आणि बेल्ट मिळाला तो तिसऱ्या प्रश्नानंतर.

दोन पाने घेतले. एकानं काट्यामागचा नट धरायचा, दुसऱ्यानं नळीचा नट फिरवायचा, नाहीतर काटाच पिळवटून निघतो. नवी नळी बसवताना इंजिनाजवळ तिला दोन गोल वेटोळे दिले, म्हणजे हादरे वेटोळ्यात जिरतात. सायलेन्सरच्या पाइपापासून ती लांब ठेवली. पत्र्यातून जिथं आत येते तिथं रबराची चकती बसवली, नाहीतर पत्र्याची धार तिला कापते. मग बेल्ट. डायनामोचे बोल्ट सैल करून तो इंजिनाकडं ढकलायचा, जुना बेल्ट काढायचा, नवा पंख्यावरून घालून पुल्यांवर चढवायचा आणि डायनामो बाहेर ओढून बोल्ट आवळायचे. मध्यावर अंगठ्यानं दाबलं की बेल्ट अर्धा-पाऊण इंच दबायला हवा. जास्त ताणला तर डायनामोची बेअरिंगं जातात, सैल राहिला तर घसरतो. आपण पापडाचं पीठ दाबून बघतो ना, तसाच हा अंगठ्याचा अंदाज. गाडी सुरू केली. काटा वर चढला. दोन्ही टोकांना बोटं लावून बघितली, कोरडी! दोन दिवसांनी पोरीनं आठवणीनं बेल्ट पुन्हा ताणला, कारण नवा बेल्ट थोडा सैल पडतोच.

अण्णा ओट्यावर बसून सगळं बघत होते. काही बोलले नाहीत.

आता दहावीचा निकाल लागलाय आणि पोरगी म्हणतेय, मला आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकलला जायचंय. घरात नुसता धुरळा! सासूबाई म्हणाल्या, हात काळे करून घेणाऱ्या पोरीला कोण करून घेणार? यांचं म्हणणं, कॉम्प्युटरचा कोर्स कर, सावलीत बस. मी कुणाच्या बाजूनं बोलावं या विचारात चार रात्री नीट झोपले नाही. खरं सांगते मैत्रिणींनो, मलाही भीती वाटत होती. अशा वेळी मला एक बाई आठवली. फार लांबची, फार जुनी. तिचं नाव बर्था बेन्झ.

बेन्झ हे नाव आपण सगळ्याच ओळखतो. लग्नाच्या वरातीत एखादी मर्सिडीज बेन्झ आली की गल्लीतली पोरं तिच्यामागं पळतात. पण त्या नावामागं एक बाई उभी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्झहाइम गावातला. माहेरचं आडनाव रिंगर. वडील बांधकामाच्या धंद्यातले, खाऊन-पिऊन सुखी. घरात आधीच मुली होत्या. हीही मुलगीच झाली तेव्हा वडिलांनी घरच्या बायबलात तिच्या जन्माची नोंद करताना पुन्हा मुलगीच म्हणून हळहळ व्यक्त केली होती आणि ती मोठेपणी तिच्या वाचनात आली, असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे. पण आपल्यापैकी कितीजणींच्या जन्माच्या वेळी घरात तोच सुस्कारा निघाला असेल! त्यासाठी जर्मनीला कशाला जायला हवं?

१८६९ मध्ये एका सहलीत तिची ओळख कार्ल बेन्झ या तरुण इंजिनिअरशी झाली. इंजिनड्रायव्हरचा मुलगा. वडील लहानपणीच गेलेले, आईनं हालअपेष्टा सोसून शिकवलेला. खिशात पैसा नाही, डोक्यात एकच खूळ, घोड्याशिवाय चालणारी गाडी बनवायची. श्रीमंताघरच्या मुलीनं या माणसाशी लग्न ठरवलं.

१८७१ मध्ये कार्लनं मानहाइम शहरात एका भागीदाराबरोबर कारखाना काढला. भागीदाराशी पटेना, धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा बर्थानं काय करावं? लग्न व्हायच्या आधीच वडिलांकडून आपला हुंडा मागून घेतला आणि त्या पैशानं भागीदाराचा वाटा विकत घेऊन कारखाना वाचवला. लग्न त्यानंतर, २० जुलै १८७२ ला झालं.

इथं मी जरा थांबले होते. हुंडा म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. तो कुणीतरी मागतो आणि कुणीतरी देतो. ज्या मुलीच्या नावानं दिला जातो तिला कुणी विचारतही नाही. या मुलीनं स्वतःच्या वाट्याचा पैसा कुठं घालायचा हे स्वतः ठरवलं. पण त्यातली मेखही बघा. लग्न झालं की बायकोच्या पैशाचा कारभार त्या काळच्या कायद्यानं नवऱ्याच्या हाती जायचा. म्हणजे जिच्या पैशावर कारखाना उभा, तिचा त्यात कागदोपत्री काडीचा हक्क नाही.

पुढची वर्षं ओढगस्तीची होती. मुलं होत गेली. ऑयगेन, रिखार्ड, क्लारा, थिल्डं आणि बऱ्याच वर्षांनी धाकटी एलेन. पैसा येई तो यंत्रात जाई. १८७९ च्या शेवटच्या रात्री, घराघरांत नव्या वर्षाची वाट बघत लोक बसले होते तेव्हा, हे नवरा-बायको कारखान्यात गेले. कितीतरी दिवस हट्ट धरून बसलेलं इंजिन त्या रात्री पहिल्यांदा सुरू झालं. ते बंद पडेल या भीतीनं दोघं तिथंच ऐकत उभे राहिले, अशी आठवण त्या घरात सांगितली जायची.

२९ जानेवारी १८८६ ला कार्लनं आपल्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंटचा नंबर ३७४३५. तीन चाकांची गाडी. पुढं एक चाक, मागं दोन. इंजिन बसायच्या जागेच्या मागं, ताकद एका घोड्याचीही नाही, वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवायला चामड्याचा पट्टा आणि त्यापुढं सायकलला असतात तशा साखळ्या. आमच्या जीपचा बेल्ट फक्त पंखा नि डायनामो फिरवतो, पण त्या गाडीत पट्ट्यावरच सगळी मदार. दांडा ढकलून तो मोकळ्या पुलीवरून घट्ट पुलीवर सरकवला की गाडी चालायला लागे. पेटंटवर नाव एकट्या कार्लचं.

गाडी तर झाली. पण घेणार कोण? लोक बघायला जमत, हसत आणि निघून जात. कार्ल स्वभावानं भिडस्त, काटेकोर. आणखी थोडी सुधारणा करू, मग दाखवू, असं त्याचं चाललेलं. मानहाइमच्या आसपास छोट्या फेऱ्या, बस. बर्थाला कळलं होतं की ही गाडी लांबच्या रस्त्यावर धावलेली लोकांनी बघितली नाही, तर ती कारखान्यातच गंजणार. आणि तिच्याबरोबर सोळा-सतरा वर्षांचे कष्ट आणि तो हुंडाही.

१८८८ चा ऑगस्ट. मुलांच्या शाळेला सुट्टी लागलेली. बर्थानं ठरवलं, माहेरी जायचं. आईला भेटायला, फोर्झहाइमला. ट्रेननं नाही, गाडीनं! पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिखार्ड बरोबर. नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, हे तिला ठाऊक होतं. पहाटे तो झोपेत असताना तिघांनी गाडी ढकलत बाहेर काढली, आवाज पोचणार नाही इतकी लांब नेली आणि मग सुरू केली, असं म्हणतात.

मानहाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरहून जास्त रस्ता. रस्ते बैलगाडीच्या वाटांसारखे. पाट्या नाहीत, पेट्रोल पंप नाहीत, गॅरेज नाही. मोटारगाडीनं इतक्या लांब तोवर कुणी गेलंच नव्हतं.

पहिली अडचण पाण्याची. इंजिन थंड ठेवायला पाणी लागे आणि ते वाफ होऊन उडून जाई. विहीर दिसली, ओढा दिसला की थांबायचं आणि पाणी भरायचं. मग इंधन संपत आलं. ही गाडी लिग्रोइनवर चाले. कपड्यांवरचे डाग काढायला वापरतात तसलं हे द्रावण औषधाच्या दुकानात मिळे. व्हिस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानात बर्थानं ते विकत घेतलं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं. दुकानदाराला वाटलं असेल, या बाईंच्या कपड्यांवर केवढे डाग पडलेत!

पुढं इंधनाची नळी तुंबली. बर्थानं डोक्यावरच्या टोपीची लांब पिन काढली, नळीत घालून कचरा काढला. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या तारेचं आवरण झिजलं, तर मोज्याचा बंद काढून तारेभोवती गुंडाळला. साखळीनं दगा दिला तेव्हा ब्रुखझालच्या लोहाराकडून ती दुरुस्त करून घेतली. ब्रेकचे लाकडी ठोकळे उतारावर झिजून गेले, तेव्हा बाउश्लोट गावच्या चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या चामड्याच्या अस्तराची सुरुवात इथूनच झाली असं मानतात. चढ आला की मुलांनी खाली उतरून गाडी ढकलायची.

मैत्रिणींनो, यातलं काय आपल्याला जमत नाही? चप्पल तुटली तर साडीची पिन लावून आपण लग्नघर गाठतो. कुकरची शिट्टी तुंबली की सुई घालून साफ करतो. शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला तर कापून पुन्हा जोडतो. फक्त याला कुणी इंजिनिअरिंग म्हणत नाही. आपणसुद्धा म्हणत नाही.

अंधार पडता पडता तिघं फोर्झहाइमला पोचली. बर्थानं कार्लला तार केली, सुखरूप पोचलो म्हणून. त्या बिचाऱ्याचा जीव दिवसभर टांगणीला लागला असणार. काही दिवसांनी ती दुसऱ्या वाटेनं गाडी चालवतच घरी परतली.

ती नुसती मिरवून आली नाही. काय काय बिघडलं, कुठं काय कमी पडलं, याचा पाढाच घेऊन आली. चढावर गाडी दम तोडते, आणखी एक गिअर हवा. ब्रेक असे हवेत. कार्लनं ऐकलं आणि सुधारणा केल्या. मला हे फार मोलाचं वाटतं. त्याला राग आला असेलही, पण बायकोनं रस्त्यावर शिकलेलं त्यानं कमी लेखलं नाही. बातमी सगळीकडं पसरली. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. अकरा वर्षांनी, १८९९ मध्ये, बेन्झच्या कारखान्यानं एका वर्षात ५७२ गाड्या बनवल्या. जगात तेव्हा त्यांच्याएवढ्या गाड्या कुणीच बनवत नव्हतं.

पुढं कंपनीतल्या मतभेदांमुळं कार्ल १९०३ मध्ये कारभारातून बाजूला झाला. कुटुंब जवळच्याच लाडेनबुर्ग गावी राहायला गेलं, तिथं मुलांबरोबर नवा कारखाना काढला. १९२५ मध्ये कार्लनं आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात बर्थाचं ऋण मोकळेपणानं मान्य केलं. १९२६ मध्ये बेन्झ आणि डाइम्लर या दोन कंपन्या एक झाल्या. ४ एप्रिल १९२९ ला कार्ल गेला. बर्था त्याच्यानंतर पंधरा वर्षं जगली.

३ मे १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. बर्था पंचाण्णव वर्षांची झाली. कार्ल जिथं शिकला त्या कार्ल्सरूहच्या तांत्रिक विद्यापीठानं तिला मानद सिनेटर केलं. ती तरुण असताना बायकांना तिथं शिकायलाही प्रवेश नव्हता. पंचाण्णव वर्षं लागली त्या दाराला उघडायला! आणि दोनच दिवसांनी, ५ मे ला, ती गेली.

२००८ पासून तिच्या त्या प्रवासाचा रस्ता जर्मनीत तिच्या नावानं ओळखला जातो, वाटेवर पाट्या लागल्या आहेत. अमेरिकेतल्या मोटार उद्योगाच्या मानाच्या दालनात कार्लचं नाव १९८४ मध्ये गेलं. बर्थाचं गेलं २०१६ मध्ये. बत्तीस वर्षांनी. असो.

हे सगळं मी एका रात्री जेवणं झाल्यावर घरात सांगितलं. भाषण नाही हो, गोष्ट म्हणून. सासूबाईंना टोपीच्या पिनेचं फार हसू आलं. मग म्हणाल्या, पण ती माहेरीच गेली होती ना, नोकरीला नाही. यांनी विचारलं, बर्था काही मेकॅनिक म्हणून पगार घेत होती का? मी म्हटलं, नव्हती घेत, म्हणूनच पेटंटवर नाव एकट्याचं राहिलं. माझ्या लेकीच्या हातात सर्टिफिकेट असावं, तिच्या नावाचं. काम तर बायका नेहमीच करत आल्यात, पण कागदावर कुठं असतात? आणि सर्टिफिकेट मिळालं तरी दुकानदार विचारणारच आहे, भाऊ नाही का आला म्हणून. पण तेव्हा तिच्याकडं उत्तर असेल.

कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, झालं, विषय बारगळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा ओट्यावरून उठले. खोलीतून जुन्या खाकी कापडात गुंडाळलेला पान्यांचा संच घेऊन आले. त्यांचा स्वतःचा. आजवर घरातल्या कुठल्याही पुरुषाला त्यांनी त्याला हात लावू दिला नव्हता. तो नातीच्या पुढ्यात ठेवला. म्हणाले, जीपचा काटा आता माझ्यापेक्षा तुला जास्त कळतो. फॉर्म भरायला मी येतो बरोबर.

फॉर्म भरून झालाय. नंबर लागतो की नाही, अजून माहीत नाही. सासूबाई अजून धुसफुसताहेत. हे गप्प आहेत, म्हणजे निम्मे तयार आहेत, एवढं मी वीस वर्षांत शिकलेय! मला अजूनही थोडी भीती वाटते. वर्गात मुली किती असतील, गॅरेजमध्ये कोण कसं बोलेल, सगळे विचार येतात. पण बर्थाही त्या पहाटे घाबरली नसेल असं थोडंच आहे? दोन पोरं बरोबर घेऊन, नवरा झोपलेला, पुढं शंभर किलोमीटरची अनोळखी वाट...

यंदाही भाऊबीजेला जीपच नेणार आहे. गाडी पोरीलाच चालवायला द्यावी असं फार वाटतं, पण लायसन्सला अजून वेळ आहे. तोवर चालवणारी मी आणि काट्याकडं लक्ष ठेवणारी ती. आणि हो, पर्समध्ये दोन पिना जास्तीच्या!